मोटारीला मोटेची सोंड

आमच्या घरात मला एक सवत होती आणि ती लाल रंगाची होती. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनवाल्याकडून ह्यांनी ती आणली. जिनवाल्याने ती कुठल्याशा लहान संस्थानिकाच्या लिलावात घेतली होती आणि संस्थानिकाने थेट विलायतेहून मागवली होती. दोन दारं फिरून आलेली बया आपल्या दारी काय सुखाने नांदणार, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. पण वामनराव नावाच्या माणसाला बायकोचं ऐकायची सवय असती तर पुढचं काही घडलंच नसतं.

गाडी दोन माणसांची. वर टप नाही, मागे सामान टाकायला एक खोबण, आणि पुढे हे लांबलचक नाक. साठ-एकसष्टचा काळ. आमचं गाव नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडे, अमरावतीच्या सडकेला लागून. त्या सडकेवर तेव्हा एस.टी. आणि ब्लॉक ऑफिसची जीप सोडली तर बाकी सगळं बैलाच्या पायाने चालायचं. त्यात हे आमचे, डोळ्यांवर काळा चष्मा लावून, धूळ उडवत निघायचे.

धुळीचं मला काही नव्हतं. मला राग होता तो आवाजाचा. साधं इंजिन आपल्याला लागेल तेवढी हवा आपणच ओढून घेतं. पण ह्या गाडीच्या इंजिनाला कडेला एक ब्लोअर होता, तो हवा दाबून इंजिनाच्या घशात कोंबायचा. म्हणूनच ती पळायची म्हणे. आमच्याकडे त्याला सगळे भाता म्हणत, लोहाराचा असतो तसा. त्या भात्याचं तोंड उघडंच होतं, आणि हवा ओढताना ते असं रडायचं की कोसभरावरून कळावं, वामनराव येऊन राहिले. कुत्री गळे काढायची, बैल जू टाकून द्यायचे. आमची म्हैस तर गाडी आली की पान्हाच चोरायची, आणि ह्यांना विचारलं की म्हणायचे, "म्हशीले काय कळते?"

उन्हाळ्यात दुसरंच दुखणं. भात्याचं तोंड होतं धुराच्या नळीला खेटून, म्हणजे इंजिनाने टाकलेली गरम वाफ इंजिनच पुन्हा गिळायचं. बाहेर वऱ्हाडातलं वैशाखाचं ऊन, आत पेटलेली चूल. भर दुपारी गाडीला चक्क ऊन लागायचं. पेट्रोल नळीतल्या नळीत उकळायचं आणि बाईसाहेब सडकेच्या मधोमध बसायच्या. मग कोणाची तरी बैलजोडी मागून तिला ओढत आणायची. नाव मोठं, लक्षण खोटं. गावातले लोक तिला बैलांची मोटार म्हणायला लागले होते, तेही ह्यांच्या तोंडावर.

ह्या दोन्ही दुखण्यांवर इलाज आहे, असं सांगणारा एकच माणूस होता. आमच्या वावरात मजुरीला येणाऱ्या केशरबाईचा मुलगा, मोतीराम. मोतीराम वानखडे फौजेत लॉऱ्या दुरुस्त करून आला होता आणि आता अमरावतीला एका गॅरेजात मिस्त्री होता. हात चांगला होता, पण तोंड हातापेक्षा चांगलं चालायचं. बर्फात गाड्या कशा चालू केल्या, साहेब कसे सलाम ठोकायचे, सगळं सांगून झाल्यावर तो एकदा ह्यांना म्हणाला, "भाऊसाहेब, या गाडीचं मी तोंड बांधून देतो. आवाज बी जाईन आन् गरमी बी जाईन."

हे भडकले. "वाघाचं तोंड बांधून त्याले गोठ्यात ठेवते का कोनी?"

"वाघ असता तं गोष्ट येगळी होती. हे तं कोल्हं रडून राहिलं."

झालं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. खरं सांगायचं तर नुसत्या गाडीवरून हे झालेलं नव्हतं. छप्पन साली नागपूरला जाऊन केशरबाईच्या घराने दीक्षा घेतली. तेव्हापासून मोतीराम ह्यांना 'मालक' म्हणेना. भेटला की 'जय भीम, भाऊसाहेब'. हे वरून काही बोलत नव्हते, पण जेवताना डाळीत मीठ जास्त आहे म्हणून माझ्यावर ओरडायचे. डाळीत मीठ बरोबरच असायचं.

केशरबाईचं मात्र आमच्याकडे येणं सुटलं नव्हतं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं, रोप आणि तण यातला फरक कळत नव्हता. शेत मला शिकवलं ते हिने, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं करून, नवी नवरी आहे वगैरे काही न पाहता. "हात हाय का वखराचं पातं? बोंड उपसून घे, झाड नोको उपसू." माझी सासूही मला कधी एवढं बोलली नाही. माझी पहिली पोर आठ महिन्यांची होऊन गेली, तेव्हा केशरबाई धुऱ्यावर माझ्याजवळ नुसती बसून राहिली होती, दिवस मावळेपर्यंत. त्या दिवशी तिने एक शब्द काढला नव्हता. तिची मजुरी बुडाली ती बुडालीच.

त्या वैशाखात आमच्या वावरात पऱ्हाट्या उपटणं चालू होतं. कापूस संपल्यावर उरलेली झाडं उपटून जळणाला नेतात, पण काही मोडतात आणि त्यांचं धसकट जमिनीत राहतं, भाल्यासारखं. ते केशरबाईच्या तळपायात शिरलं. तिने ओढून काढलं, हळद भरली, फडकं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर आली. आठवडा गेला असेल. एका सकाळी तिची जाऊ पार्बताबाई धावत आली, म्हणाली, "बाई, माह्या जावेचे दात बसले. भाकर तोंडात जाऊन नाही राहिली."

नांदगावचे डॉक्टर सायकलवर आले. त्यांनी पाहिलं आणि बाहेर अंगणात येऊन हळू आवाजात सांगितलं, "धनुर्वात आहे. इथे माझ्याजवळ लस नाही. मी झोपेचं इंजेक्शन दिलंय, ते संध्याकाळपर्यंत साथ देईल. आजच्या आज अमरावतीच्या दवाखान्यात पोचवा. पण नीट ऐका. हिला आवाज सहन होत नाही, धक्का नाही, उजेड नाही, उकाडा नाही. मोठा आवाज झाला की सगळं अंग धनुष्यासारखं ताठ होईल, आणि त्यात श्वास अडकला तर संपलं."

मोतीराम त्या दिवशी सुट्टीवर घरीच होता. त्याने विचारलं, "बसनं?"

"एस.टी.त? बडनेऱ्यापर्यंतही पोचायची नाही."

जीप दौऱ्यावर गेलेली. बैलगाडीला रात्र झाली असती, आणि तिचे धक्के वेगळे. गावात मोटार एकच होती, आणि ती कशी रडते हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी घरी आले तर मोतीराम आमच्या फाटकाशी येऊन उभा राहिलेला. आत येत नव्हता. मागायची लाज होती की आवाजाची भीती, त्याचं त्यालाच माहीत. ह्यांनी ओसरीवरून पाहिलं. मला वाटलं आता हे काहीतरी टाकून बोलतील, आणि बोलले असते तर मी ह्यांना त्या घरात जेवू घातलं नसतं. पण हे उठले, गाडी ठेवायच्या कोठ्याचं दार उघडलं आणि म्हणाले, "ये. बांध तिचं तोंड."

मोतीरामच्या अंगात एकदम जीव आला. "दोन मिनिटाचं काम हाय, भाऊसाहेब!" म्हणाला. तो असं म्हणाला की मला आधीच धास्ती वाटायला लागली.

आता आम्ही पडलो कापसाची माणसं. वऱ्हाडात कान दुखला तर कापूस, नाक वाहिलं तर कापूस, माणूस मेला तरी नाकात कापूस. त्यामुळे आवाज बंद करायचा म्हटल्यावर ह्या दोन शहाण्यांना कापसाशिवाय दुसरं काय सुचणार? माझ्या गादीची शिवण उसवून त्यांनी कापूस काढला, भात्याच्या तोंडात गच्च कोंबला, वरून धोतराचा तुकडा बांधला. हे म्हणाले, "थोडा आनखी घाल." मोतीरामने आणखी घातला.

ह्यांनी गाडी चालू केली. भाता दोनदा घुसमटला, धोतराचा तुकडा आत ओढला गेला, आणि मग असा दणका झाला की कोठ्यातली कबुतरं सगळी एकदम उडाली. ठो! भात्याच्या तोंडातून जाळ निघाला आणि जळका कापूस आमच्या तिघांच्या डोक्यावर पडला.

पुढच्या क्षणाला वस्तीकडून पार्बताबाईची किंकाळी आली. मी धावले. केशरबाई बाजेवर कमानीसारखी झाली होती, फक्त डोकं आणि टाचा टेकलेल्या. दात आवळलेले, डोळे मात्र उघडे, आणि ते सगळं पाहत होते. मी तिच्या कानांवर हात दाबून धरले. हळूहळू अंग सैल झालं. एवढ्या लांबच्या एका आवाजाने हे झालं होतं, आणि ती गाडी तिच्या उशाशी पंधरा-वीस मैल चालायची होती.

परत आले तेव्हा मोतीराम कोठ्याच्या उंबऱ्यावर डोकं धरून बसला होता. "म्या मारलं असतं मायले," एवढंच म्हणत होता. हे भात्यातला कापूस काढत होते, घामाने निथळत. ऊन म्हणून ह्यांनी डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला होता, आपल्याकडे बांधतात तसा, दोन्ही कान झाकून आणि नाक-डोळे उघडे ठेवून. मी ह्यांच्याकडे पाहिलं आणि मला जो संताप आला तो आजही आठवतो.

"तुमाले ऊन लागू नये म्हणून तुमी काय बांधलं? कान! नाक बांधलं का?" मी ओरडले. "नाक बांधलं असतं तं तुमी बी असेच ठो झाले असते. त्या गाडीचे कान बांधा ना! नाक काहून दाबता?"

हे म्हणाले, "गाडीले कान कुठं असतात?"

पण मोतीरामने मान वर केली. बराच वेळ तो माझ्याकडे नाही, ह्यांच्या दुपट्ट्याकडे पाहत राहिला. मग उठून म्हणाला, "बाई बराबर बोलून राहिल्या. हवेची वाट मोकळी पाहिजे. कापूस वाटेत नाही, वाटेच्या आजूबाजूनं."

मग कामाला जी सुरुवात झाली तिच्यात कोणाचं डोकं किती होतं हे आजही ठरत नाही. रॉकेलचा रिकामा डबा आणला. माझी गव्हाची नवी चाळणी, हो, नवीच, मोतीरामने मला न विचारता कापली आणि तिच्या जाळीची नळी वळली. नळी डब्यात आरपार बसवली, आणि नळीच्या भोवती, डब्याच्या चारी बाजूंनी, तोच गादीचा कापूस ठासून भरला. हवा नळीतून सरळ जाईल, आवाज जाळीतून कापसात शिरेल आणि तिथेच जिरेल. डब्याचं एक टोक भात्याच्या तोंडावर बसवलं. धुराची नळी आणि भाता यांच्यामध्ये पत्रा उभा केला, त्यावर ओलं पोतं. पेट्रोलच्या नळीला ओली चिंधी गुंडाळली.

राहिलं डब्याचं दुसरं टोक. तिथून आत जाणारी हवा अजून इंजिनाजवळचीच, तापलेली. मोतीराम म्हणाला, "पुढून हवा आनाव लागते. नाकाच्या पुढून. एखादा लंबा पाइप पाहिजे, आन् वाकनारा."

असा पाइप आमच्या गावात कुठून असणार? हे इकडेतिकडे पाहत होते ते एकदम थांबले. कोठ्याच्या खुंटीवर आमची जुनी मोट टांगलेली होती. विहिरीवर डिझेलचं इंजिन बसवल्यापासून ती तशीच पडून होती. मोटेला खाली चामड्याची लांब सोंड असते, पाणी थाळण्यात, म्हणजे विहिरीवरच्या कुंडीत, ओतणारी. वाकते, मुरडते, आणि ओली केली की गार राहते.

"काप ते," हे म्हणाले.

मोतीराम जागचा हलला नाही. "मी नाही कापत."

"काहून?"

"आमी चामड्याचं काम सोडलं, भाऊसाहेब. मायनं मले नागपूरले उभं करून वचन घेतलं. ढोर ओढनं नाही, चामडं कापनं नाही, शिवनं नाही."

ह्यांच्या कपाळाची शीर उडायला लागली. "तुही माय तठी मरून राहिली आन् तू वचनाचं सांगतं? मंग पायात काय घातलं? जोडा चामड्याचाच हाय ना?"

"थो इकत घेतला. नगदी देऊन." मोतीरामचे डोळे भरले होते, पण तो मागे सरला नाही. "मी कापलं आन् माय उठली, तं थे मले घरात घेनार नाही. अन् तिचं बराबरच राहीन."

मी खाली पाहिलं. केशरबाईला मी ओळखत होते. तो खरंच बोलत होता.

चांभारवाड्यातली माणसं लग्नाला गेलेली, वस्तीत दुसरं कोणी नाही. ऊन उतरणीला लागलेलं. मग ह्यांनी दुपट्टा सोडून बाजूला टाकला, खुंटीवरची मोट ओढली, मांडी घालून जमिनीवर बसले आणि मला म्हणाले, "सुभद्रे, दाभण आन."

आमच्या गावात कोण्या पाटलाने चामडं शिवलेलं कोणी पाहिलं नव्हतं. फाटकाशी लोक जमले, कोणी एकमेकाला कोपर मारलं. ह्यांनी वर पाहिलं नाही. सोंड कापली, दुहेरी दोऱ्याने तिचं फाटकं पोट शिवलं, बोटात दोनदा दाभण घुसलं तेव्हा शिवी दिली ती दाभणालाच. हवा ओढताना सोंड आत चिकटू नये म्हणून मोतीरामने टोपलीच्या कामट्यांची कडी वळून दिली, ती ह्यांनी आत बसवली. एक जण कामट्या वळत होता, एक जण चामडं शिवत होता. वर्षभर न बोललेली माणसं 'हे धर', 'ते दे', 'थोडं वर' असं बोलायला लागली.

सोंड डब्याला बांधली, गाडीच्या नाकाच्या पुढे नेऊन सोडली आणि पाण्याने भिजवली. गाडी कशी दिसत होती म्हणता? गणपतीने भांग प्यावी तशी. पण हसायला कोणाला जीव नव्हता. ह्यांनी गाडी चालू केली आणि आम्ही सगळे वस्तीकडे कान लावून उभे राहिलो.

काही नाही. कुठून किंकाळी नाही. मोतीराम पळत वस्तीत जाऊन आला. माय निजलेली होती.

हे मात्र गाडीतच बसून होते. ह्यांनी बॉनेटवर हात ठेवला, मग मला विचारलं, "चालू हाय ना?" आत कुठेतरी नुसती घरघर होती, जात्याची शेजारच्या घरातून येते तेवढी. ह्यांचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं. चांगला गाणारा पोरगा मुका झाल्यावर बापाचं तोंड व्हावं, तसं झालं होतं. मला तो आवाज कधी आवडला नाही, पण ह्यांना आवडायचा, हे त्या वेळी मला पहिल्यांदा नीट समजलं.

डाव्या बाजूची सीट काढून गादी घातली. केशरबाईला चादरीसकट उचलून तिथे निजवलं. डोळ्यांवर काळं फडकं, कानात कापूस, आता योग्य जागी. मी मागच्या खोबणीत बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं. मोतीराम पुढच्या मडगार्डवर बसला, पायांत पाण्याचं लहान पिंप धरून, सोंडेवर आणि पोत्यावर लोट्याने पाणी घालायला. हे गाडी चालवायला बसले. त्या सडकेवर आजवर जीव घेऊन पळणारा हा माणूस त्या दिवशी असा चालला की सायकलवाला मागून पुढे निघून गेला आणि वळून वळून पाहत राहिला.

मी त्या गाडीत आधी कधी बसले नव्हते. कडुनिंबाची झाडं एकेक करून मागे जात होती. मांडीवर केशरबाईचा श्वास लागत होता, लहान लहान. एखादा खड्डा दिसला की हे गाडी जवळजवळ थांबवून चाक अलगद उतरवायचे. समोरून एस.टी. आली, तेव्हा मोतीरामने मडगार्डवरून फौजी हात वर केला. ड्रायव्हरने काय समजायचं ते समजून इंजिन बंद केलं आणि आम्ही गेल्यावरच चालू केलं.

लोणीच्या पुढे गेलो. समोरून वरात येत होती. वैशाखाचं लगन, घोड्यावर नवरदेव, पुढे बँड. ताशा तर दूर असूनही छातीत वाजत होता. सडक अरुंद, दोन्ही बाजूंनी खोल नाल्या. केशरबाईची मान माझ्या मांडीवर ताठ व्हायला लागली.

ह्यांनी गाडी थांबवली आणि धावत सुटले. माझा नवरा त्याआधी कधी कोणासाठी धावलेला मी पाहिलेला नाही. मला शब्द ऐकू आले नाहीत, पण ह्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतलेली दिसली. वरबाप हात हलवत होता, चिडलेला. त्याचा आवाज मोठा होता म्हणून तो ऐकू आला. "लगनात बँड बंद करता काय? कोन मेलं तुमचं?"

मग ह्यांचाही आवाज आला. "मेलं नाही बापा. मरू नये म्हनून हात जोडतो."

वरबापाने मडगार्डवरचा ओलाचिंब मोतीराम पाहिला, माझ्या मांडीवरचं काळं फडकं बांधलेलं डोकं पाहिलं. त्याने वळून बँडवाल्याच्या छातीवर हात ठेवला. ताशा थांबला. मग आख्खी वरात आमच्या शेजारून गेली, आवाज न करता. बायकांनी पोरांची तोंडं दाबली. झांजवाल्याने झांजा पोटाशी धरल्या. नवरदेव घोड्यावरून वाकला आणि त्याने घोड्याच्या गळ्यातले घुंगरू मुठीत धरले. त्या सगळ्या गर्दीत मला फक्त चपला आणि धूळ ऐकू येत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

मोतीरामचं पिंप रिकामं झालं होतं. वरातीच्या शेवटच्या बंडीवर पाण्याची टाकी होती. बंडीवाल्याने कोण, कुठला, काही न विचारता पिंप भरून दिलं. केशरबाईची मान हळूहळू सैल झाली, आणि आम्ही दिवेलागणीला अमरावतीच्या दवाखान्यात पोचलो.

तिला एका अंधाऱ्या खोलीत ठेवलं, दाराला काळा पडदा. लस दिली, झोपेची औषधं चालू राहिली. डॉक्टर म्हणत होते की आज काही सांगता येत नाही, आणि हे ते रोज म्हणत होते. मी आणि पार्बताबाई पाळीपाळीने बसायचो. हे एक दिवसाआड यायचे, खोलीत न जाता व्हरांड्यातल्या बाकावर बसायचे. मोतीराम गॅरेज सुटलं की यायचा, त्याच बाकावर, दुसऱ्या टोकाला.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा केशरबाईचे आवळलेले दात सुटले. एका सकाळी तिने चमच्याने पेज घेतली. पडदा अर्धा बाजूला केलेला होता. मोतीराम पायथ्याशी उभा होता, हे दारात. तिने बराच वेळ सगळ्यांकडे पाहिलं. तिचा आवाज अगदी खोल गेला होता.

"बाई, मी अठी आली कशी?"

"मोटारीतून आणलं तुले," मी म्हणाले. "आमच्या लाल गाडीतून."

केशरबाईने तोंड वाकडं केलं. एवढ्या आजारातही तिला ते जमलं. "हट्! खोटं नोका सांगू. थे गाडी असती तं मी वाटेतच मेली असती. थे कोसभरावरून भोकते." दम लागला म्हणून ती थांबली. "मले सारं मालूम हाय. कसाच आवाज नव्हता. गार वारा लागत होता तोंडाले. मोत्यानं मले पाठीवर घेतलं होतं, नाही का रे?"

मोतीरामने ह्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. ह्या माणसाने सगळ्या तालुक्याला, ऐकणाऱ्याला आणि न ऐकणाऱ्याला, आपल्या गाडीचं कौतुक सांगितलेलं होतं. आता सांगण्यासारखं खरंच काही केलं होतं. बोटांवरच्या दाभणाच्या खुणा अजून गेल्या नव्हत्या.

हे दोन पावलं आत आले आणि खोलीत बोलावं तसं हळू बोलले.

"हो केशरबाई. मोतीरामनंच आनलं तुले पाठीवर."

ती समाधानाने डोळे मिटून पडली. हे बाहेर जाऊन बाकावर बसले. थोड्या वेळाने मोतीराम गेला आणि ह्यांच्या अगदी शेजारी बसला. मी पडद्याआडून पाहत होते. लग्न होऊन किती वर्षं झाली होती, दोन पोरं मोठी झाली होती, पण हा माणूस मला आवडतो, हे मला त्या दिवशी कळलं.